फुगले

"माझ्या बापाला कुणी जन्मात इतकी कोळंबी सोलून दिली नाही," मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या. "डोकं काढा, साल काढा, शेपूट काढा, मधला काळा दोरा काढा. वर आणि कोमट पाण्यात धुवा. जावई आहे का हा?"

मी तेव्हा टाकीखालच्या कपाटात मान खुपसून पंपाची नळी चाचपत होते. घरकामाच्या मावशी शेजारीच फरशीवर उकिडव्या बसलेल्या, मांडीवर कोळंबीचा वाडगा. तक्रार माझ्याकडे नव्हती, वाडग्याकडे होती. मी फक्त वाटेत आले होते.

वर टाकीत जावई उलटे तरंगत होते.

जात काटेरी फुग्या माशाची. दोन मुठी एकत्र केल्या तर जेवढं होईल तेवढं अंग, बदामी रंग, त्यावर काळे ठिपके, आणि डोळे असे मोठे की समोर उभं राहिलं की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं. हा समुद्रातला मासा, खाऱ्या पाण्यातला. घाबरला की पाणी पिऊन स्वतःचा चेंडू करतो आणि एरवी अंगाला चिकटलेले काटे ताठ उभे राहतात. घरच्या साहेबांनी त्याचं नाव 'विजेता' ठेवलं होतं. घरात त्याला त्या नावानं कुणी हाक मारत नसे. मावशींनी पहिल्याच आठवड्यात त्याला 'फुगेराव' केलं, साहेबांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनीही तेच उचललं आणि त्याला अहोजाहो करू लागल्या. "फुगेराव जेवले का?" असं त्या घरात अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं जाई.

तर फुगेराव तीन दिवस जेवले नव्हते आणि आता पोट वर करून कोपऱ्यात अडकले होते. म्हणून मला रविवारी दुपारी दोन वाजता बोलावणं.

मी टाक्या सांभाळते. नवऱ्यानं हौसेनं माशांचं दुकान काढलं, त्याची हौस वर्षभरात फिटली आणि दुकान माझ्या गळ्यात राहिलं. माशांचा डॉक्टर आमच्या भागात कुणी नाही, म्हणून मासा आजारी पडला की लोक मला बोलावतात. माझं शिक्षण दहावी. बाकीचं मला मेलेल्या माशांनी शिकवलं आणि त्यांची फी फार मोठी होती, त्यामुळे मी काही विसरत नाही.

"काय म्हणतंय निदान?" साहेब दारात उभे होते. घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. कुठल्याशा मोठ्या खात्याचे प्रमुख होते. निवृत्त झाल्यावर खातं गेलं, प्रमुखपण राहिलं. ते आता भाषणं देतात, विषय एकच: 'संकटात मोठे व्हा'. बाहेरची बोलावणी कमी झाली, म्हणून दर रविवारी पाच वाजता दिवाणखान्यातच आठ-दहा जणांची बैठक भरवतात. वहिनी चहा करतात, मंडळी मान हलवतात.

"बघतेय, साहेब."

"बघण्यात वेळ घालवू नका. मी वाचलंय सगळं. मला हा थायरॉइडचा प्रकार वाटतो."

मी कपाटातून डोकं बाहेर काढलं. "माशाला?"

"का? ग्रंथी सगळ्यांना असतात."

"असतात, साहेब. पण थायरॉइडनं तीन दिवसांत कुणी छताला चिकटत नाही."

त्यांना हे आवडलं नाही. त्यांच्या कपाळावर मधोमध एक आठी पडते, दाराच्या कडीसारखी. ती पडली की वहिनींचे हात जिथे असतील तिथे थांबतात, हे मी तीन वर्षांत नीट पाहिलं होतं. आताही त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कप पुसता पुसता थांबल्या.

"मग परजीवी असतील," साहेब म्हणाले. "मी तांब्याचं औषध मागवून ठेवलंय. टाकून मोकळे होऊ."

"ते टाकलंत तर खरंच मोकळे व्हाल. या जातीला तांबं सोसत नाही. अंगावर पांढरे ठिपके आहेत का कुठे? बघा. एकही नाही. डोळे स्वच्छ. कल्ल्यांचा वेग जरा जास्त, पण तो घाबरलाय म्हणून."

"बाई, तुमचं शिक्षण काय झालंय?"

हा प्रश्न ते मला दर भेटीत विचारतात. उत्तर त्यांना पाठ आहे. मीही दर वेळी देते, कारण नाही दिलं तर त्यांची दुपार वाया जाते.

"दहावी, साहेब."

"हं," ते म्हणाले. त्या 'हं'मध्ये त्यांची पदवी, पदव्युत्तर आणि पेन्शन, सगळं आलं.

मी पाणी तपासलं. मीठ बरोबर. ऊब बरोबर. पाण्यातलं विष मोजायच्या दोन्ही बाटल्या काढल्या, थेंब टाकले, रंग पाहिले. दोन्ही निर्दोष. टाकी इतकी स्वच्छ होती की मीच टाकीत राहायला जावं. हे काम मावशींचं. रोज काच पुसणं, गाळणी धुणं, उरलेलं अन्न काढून घेणं, सगळं त्या बाई करायच्या आणि शिव्या घालत घालत करायच्या. माझा अनुभव असा की माशांना शिव्या देणारी माणसं टाकी चांगली ठेवतात. 'बाळा, सोन्या' करणाऱ्यांच्या टाकीत शेवाळ असतं.

मग दात. या माशाचे दात आयुष्यभर वाढतात. पोपटाच्या चोचीसारखे पुढे येतात आणि मऊमऊ खाऊन झिजले नाहीत तर तोंड उघडायचं बंद होतं. भरल्या ताटासमोर उपाशी मरतो. साहेबांचा हुकूम सोललेल्या कोळंबीचा, कारण टाकीच्या तळाशी सालं पडली की पाहुण्यांसमोर 'गचाळ' दिसतं. म्हणून मला वाटलं होतं, दातच असणार. वाकून पाहिलं तर दात झकास. छोटे, सरळ, धारदार.

"दात कसे काय इतके चांगले?" मी मोठ्यानं म्हणाले.

मावशी वाडग्यात बघू लागल्या.

"मावशी?"

"मी काय केलं नाही."

"काहीतरी केलंय. छान केलंय."

त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कधीमधी शिंपल्या टाकते. बंद शिंपल्या. साहेब फिरायला गेले की. कडाकडा फोडतो मेला, बघायला बरं वाटतं. मग कवच काढून टाकते मी. तळ साफ असतो."

"बघा!" साहेबांनी टाळीच वाजवली. "मिळालं कारण! माझ्या पाठीमागे वाटेल ते चारलं जातंय आणि आम्ही इथे पाणी तपासत बसलोय. त्या शिंपल्यांनीच पोट फुगलंय त्याचं. मावशी, उद्यापासून येऊ नका."

इतक्या सहज. जसा पंखा बंद करावा.

मावशींनी वाडगा खाली ठेवला. बारा वर्षं त्या या घरात येत होत्या. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी कपाकडे पाहिलं.

"साहेब," मी म्हणाले, "त्या शिंपल्यांमुळे तुमचा मासा जिवंत आहे. नाहीतर दोन वर्षांपूर्वीच दात वाढून गेला असता."

"मग उलटा का आहे?"

"तेच शोधतेय."

हे मी खोटं बोलले. तोवर मला कळलं होतं.

मी हातमोजे घातले, बाही वर केली आणि फुगेरावांच्या पोटाखाली तळवा नेला. पोट ढोलासारखं घट्ट. खाली ढकललं, तर टुणकन वर. पुन्हा ढकललं, पुन्हा वर. आता हे कुणालाही समजावं. मासा पाणी पिऊन फुगला तर जड होतो, खाली जातो. हा वर येत होता, म्हणजे आत हवा होती. आणि पाण्यात राहणाऱ्याच्या पोटात हवा भरायची तर त्याला पाण्याबाहेर काढावं लागतं. बाहेर काढलं की तो घाबरून तोंड उघडतो, फुगायला जातो, आणि पाण्याऐवजी हवा गिळतो. ती बाहेर टाकणं त्याला नीट जमत नाही. असं दोनचारदा झालं की मासा जातो. फुगतो, तरंगतो, उपाशी राहतो आणि जातो.

वर आणखी एक. पाठीवरच्या काट्यांपैकी एका काट्याला हिरवा बारीक धागा अडकला होता. जाळीचा. मी तो चिमटीत धरून अलगद सोडवला.

"याला कुणी पाण्याबाहेर काढलं होतं का?" मी विचारलं.

"छे," साहेब म्हणाले. "कशाला काढेल कुणी?"

"वहिनी?"

"मला नाही माहीत, ताई." कप पुसणं अजून चालूच होतं. तो केव्हाच कोरडा झाला होता.

"मावशी काढत असतील," साहेब म्हणाले. "काच पुसताना. विचारा त्यांनाच."

मावशींच्या ओठांची हालचाल झाली, पण आवाज आला नाही. वाडग्याला काय वाटेल ते ऐकवणारी ही बाई. मला पहिल्यांदा तिचा राग आला. मग माझाच आला. कारण धागा माझ्याच मुठीत होता आणि मी मूठ उघडत नव्हते. साहेबांच्या ओळखीनं मला या इमारतीत आणखी चार टाक्या मिळाल्या होत्या. दुसऱ्याच्या भित्रेपणाला नाक मुरडणं सोपं असतं. आपलं नाक त्यातच असतं हे नंतर लक्षात येतं.

"किती वेळा फुगला या महिन्यात, कुणी लिहून ठेवलंय का?" मी विषय बदलला. पहिल्या भेटीतच मी सगळ्यांना सांगते: मासा कधी खातो, कधी नाही, कधी फुगतो, लिहून ठेवा. कुणी ठेवत नाही.

"कॅलेंडरवर असेल," साहेब म्हणाले. "हिला सांगून ठेवलं होतं मी." आणि फोन वाजला म्हणून ते गॅलरीत गेले. "हो हो, पाच वाजता. अगदी वेळेवर. आज प्रात्यक्षिक आहे!" असं काहीसं ऐकू आलं.

कॅलेंडर स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला लटकलं होतं. वहिनी पुढे झाल्या, पण तोवर मी समोर जाऊन उभी राहिले होते. चौकोनाचौकोनांत बारीक, सुबक अक्षरं. सात तारीख: 'फुगले.' आठ: 'जेवले नाहीत.' चौदा: 'फुगले. दोन दिवस.' पंधरा: 'जेवले नाहीत.' एकवीस: 'फुगले.' बावीस: 'थोडं खाल्लं.'

मला भरून आलं. "वहिनी, वीस वर्षांत असं टिपण कुणी ठेवलं नाही माझ्यासाठी. फुगेरावांना लिहितानाही अहोजाहो!"

"ताई, ते राहू द्या—"

"नाही, हे फार कामाचं आहे. बघा, प्रत्येक वेळी फुगले की दुसऱ्या दिवशी जेवण बंद, नाहीतर कमी. अगदी हवेचं लक्षण. आणि ही सव्वीस तारीख, म्हणजे परवाची..." मी चष्मा वर केला. "'फुगले. दार आपटलं.'"

मी थांबले.

मासे दार आपटत नाहीत.

मी मागे जाऊन मागच्या महिन्याचं पान उलटलं. 'फुगले. कुणाशी बोलले नाहीत.' 'फुगले. चहा परत पाठवला.' 'फुगले. बाहेरच्या खोलीत झोपले.' आणि मधे मधे, वेगळ्या पेनानं, निळ्या शाईत, एकेरीत: 'फु. तरंगतोय.' 'फु. खात नाही.' बिचाऱ्या माशाच्या वाट्याला नुसता 'फु.' आला होता, आणि मीच मूर्ख, आदरार्थी बहुवचन त्याला देऊन बसले होते.

दारात मावशी उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता आणि खांदे हलत होते. रडतायत की हसतायत ते मला कळेना. बहुतेक दोन्ही.

"किती वर्षं लिहिताय हे?" मी हळूच विचारलं.

"लग्न झाल्यापासून," वहिनी म्हणाल्या. "आईनं सांगितलं होतं, कशानं चिडतात ते लिहीत जा, म्हणजे कळेल. कळलं काही नाही. सवय राहिली." त्यांनी कप शेवटी खाली ठेवला. "रविवारी बैठक होते. त्यांना दाखवायचं असतं, संकट आलं की मोठं कसं व्हायचं ते. याला जाळीत घेऊन वर काढतात. कधी फुगतो, लोक टाळ्या वाजवतात. कधी अर्धाच फुगतो. तसं झालं की पाहुणे गेल्यावर हे..." त्यांनी कॅलेंडरकडे बोट केलं. "आणि एरवी मधल्या दिवशीही. सराव म्हणून. परवा तिसऱ्यांदा काढला तरी फुगेना."

"आणि तुम्ही दोघी?"

"आम्ही काय, ताई?"

खरंच, काय. दोघी मिळून एका माणसाच्या कपाळावरची आठी सांभाळत होत्या. इतकी काळजी मी खाऱ्या पाण्याचीही घेत नाही.

"सांगू नका त्यांना," वहिनी म्हणाल्या. "पाण्यात दोष आहे म्हणा. मी मावशींचं बघते, दोन दिवसांनी शांत झाले की परत बोलावीन."

"मी पाण्याचं सांगते. मग पुढच्या रविवारी मेलेला मासा न्यायला येते. चालेल?"

मी बाहेर आले, कारण त्या क्षणी फुगेरावांना माझी जास्त गरज होती, आणि त्यांच्याशी बोलणं सोपं होतं.

हवा काढायची रीत साधी आहे, फक्त घाई चालत नाही. माशाला पाण्याच्या आतच धरायचं, तोंड वर, शेपूट खाली, बाळाला ढेकर काढायला उभं धरतात तसं. मग अगदी हलके हलवायचं. दाबायचं नाही. मी धागा खिशात टाकला आणि स्टुलावर चढले, दोन्ही हात कोपरापर्यंत आत. फुगेरावांनी मला चावायचा एक औपचारिक प्रयत्न केला, मग सोडून दिला. तो एक मोठा डोळा माझ्याकडे लागला होता. त्यात निळसर कण असतात, बारीक बारीक चमकणारे. जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

"काढ रे राजा," मी म्हणाले. "काढ. इथे कुणी टाळ्या वाजवणार नाही."

पाच मिनिटं गेली. दहा. माझ्या खांद्यात कळ आली. मावशी येऊन स्टूल धरून उभ्या राहिल्या. काढून टाकलेली बाई, पण स्टूल डगमगतंय म्हटल्यावर धरलं.

मग एक बुडबुडा आला. छोटा. मग एक मोठा, आणि मग तोंडातून बुडबुड्यांची माळच सुटली. पोट माझ्या तळव्यात मऊ पडत गेलं. मी हात सैल केला. फुगेराव जरासे तिरपे झाले, सावरले, आणि आपल्या वजनानं खाली गेले. तळाशी जाऊन एका दगडाला टेकून बसले. दमलेले.

"गेली गं बाई हवा," मावशी म्हणाल्या आणि बाहीनं डोळे पुसले. "मेल्या, घाबरवलंस."

"वा!" मागून साहेबांचा आवाज. फोन खिशात घालत ते टाकीसमोर आले, कमरेवर हात. "झाला ना नीट? म्हटलं नव्हतं, शिंपल्यांचा परिणाम होता. उतरला."

"साहेब, त्याच्या पोटात हवा होती. त्याला आता महिनाभर कुणी हात लावायचा नाही. पुन्हा एकदा हवा भरली तर मी काढू शकेन याची खात्री नाही."

"हात कोण लावतंय? मावशी उद्यापासून येणारच नाहीत." त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेचार. "छान. मंडळी पाचला येतायत. तोवर त्याला जरा तरतरी येईल."

आणि पडद्यामागे हात घालून त्यांनी जाळी काढली. हिरवी. लांब दांड्याची. दोरीवरचा टॉवेल घ्यावा तशी, न बघता. हाताला जागा माहीत होती.

ती काढल्यावर मग त्यांना कळलं की आम्ही तिघी बघतोय. पण कळून न कळल्यासारखं करण्यात त्यांचा हात कोण धरणार? "ही इथे कुणी ठेवली?" ते म्हणाले.

मी खिशातून धागा काढला आणि मूठ उघडली. धागा ओला, तळव्याला चिकटलेला. मी तो जाळीच्या फाटक्या कोपऱ्याशी धरला. रंग जुळला. ते पाहायलाही त्यांनी मान वळवली नाही. कपाळावर कडी पडली.

"तुम्हाला काय म्हणायचंय, बाई?"

माझं तोंड उघडलं. चार टाक्या डोळ्यांसमोरून गेल्या. तोंड मिटलं. मावशींनी स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं, मी उतरले होते तरी.

"काही नाही ना? मग ठीक. मावशींचंच काम असणार हे. मी म्हटलं तेच." त्यांनी टाकीचं झाकण उचललं. खाली फुगेराव दगडाला आणखी चिकटले. "थोडा सराव करून घेऊ. परवा फार कंटाळा केला यानं."

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. हातात भिंतीवरून काढलेलं कॅलेंडर. खिळ्याचा लहानसा तुकडाही सोबत आला होता. त्या सरळ टाकीपाशी आल्या, साहेबांच्या हातातलं झाकण घेऊन परत टाकीवर ठेवलं आणि त्याच्यावर कॅलेंडर उघडलं.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज वेगळा नव्हता. चहात साखर किती, असा. "हे मावशी करत नाहीत. मासा आजारी नाही. तुम्ही त्याला पाण्याबाहेर काढता, आणि तो फुगला नाही की तुम्ही फुगता."